कोकणात राहून कमी खर्चात दोन-तीन पडद्यांचा संगणक कसा जुळवावा

संगणक जुळवायला निघालेला माणूस बहुधा प्रोसेसरपासून सुरुवात करतो, मग ग्राफिक्स कार्डापाशी अडतो आणि उरलेल्या पैशांत मिळतील ते मॉनिटर उचलतो. एकाच पडद्याचा संगणक असेल तर हा क्रम चालून जातो. पण दोन किंवा तीन पडदे लावायचे असतील, दिवसा त्यांवर फ्लेक्स, लग्नपत्रिका, होमस्टेची माहितीपत्रके आणि आंब्याच्या पेट्यांची लेबले करायची असतील आणि रात्री त्याच यंत्रावर गेम खेळायचे असतील, तर हिशेब उलट्या बाजूने, म्हणजे पडद्यांपासून मांडावा लागतो. पडदे किती, कोणत्या आकाराचे आणि कोणत्या जोडणीचे, हे ठरल्याखेरीज कार्ड ठरत नाही आणि कार्ड ठरल्याखेरीज एसएमपीएस (यंत्राच्या आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) व यूपीएस (वीज गेल्यावर बॅटरीवर यंत्र चालवणारा डबा) ठरत नाहीत. कोकणात या हिशेबाला आणखी एक कलम जोडावे लागते. अलिबागेत राहा नाहीतर वेंगुर्ल्यात, यंत्र किती वर्षे टिकणार हे वीज आणि खारी दमट हवा यांवरच ठरते. म्हणून एकूण रकमेचा साधारण दहावा हिस्सा अर्थिंग, यूपीएस आणि धूळजाळ्या यांसाठी आधीच बाजूला काढावा आणि कार्डाच्या मोहात पडून तो मोडू नये.

पुढचे विवेचन मॉनिटर धरून लाखाच्या आतबाहेर बसणाऱ्या यंत्राला धरून केले आहे. रॅमचे आणि कार्डांचे भाव सतत खालीवर होत असल्याने किमतींऐवजी प्रमाण लक्षात ठेवावे: पडद्यांवर सुमारे पाव हिस्सा, ग्राफिक्स कार्डावर तेवढाच किंवा किंचित अधिक, वीज आणि हवेच्या बंदोबस्तासाठी वर सांगितलेला दहावा हिस्सा आणि उरलेल्यात बाकी सगळे.

पडदे आणि टेबल

दुकानात जाण्यापूर्वी घरातले टेबल मोजावे. २४ इंची मॉनिटरची रुंदी कडांसह सुमारे ५४ सेंटिमीटर भरते. असे दोन पडदे ४ फुटी टेबलावर आरामात बसतात. तीन एका रांगेत ठेवायचे तर १६२ सेंटिमीटर लागतात, म्हणजे ५ फुटी टेबलही अपुरे पडते. बाजूचे दोन पडदे आपल्याकडे कलते केले तर थोडी जागा वाचते, किंवा तिसरा पडदा उभा फिरवून लावता येतो. लांबलचक पत्रिका, मजकुराचे पान किंवा गिऱ्हाइकाशी चाललेला संवाद पाहायला उभा पडदा फार सोयीचा ठरतो. त्यासाठी मॉनिटरच्या पाठीवर व्हेसा मापाची, म्हणजे ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतरावरची चार भोके असायला हवीत, म्हणजे तो टेबलाला आवळायच्या धातूच्या हातावर चढवता येतो. हा हात आवळताना टेबलाची फळी पाहावी. फणसाची किंवा सागवानी जुनी फळी कितीही आवळली तरी दबत नाही. पार्टिकल बोर्डाची फळी मात्र एका पावसाळ्यात फुगते आणि शिकंजा तिच्यात रुतत जातो. तिथे वर-खाली पत्र्याची किंवा लाकडाची पट्टी घातल्याशिवाय मॉनिटर लटकवू नये.

रंगाचे काम करणाऱ्याने निदान मुख्य पडदा तरी आयपीएस पॅनेलचाच घ्यावा, कारण स्वस्त टीएन पॅनेलवर मान जरा हलवली की रंग बदललेला दिसतो आणि गिऱ्हाइकाला शेजारी बसवून केशरी रंग ठरवताना वाद होतात. शक्य असेल तर दोन पडदे एकाच कंपनीचे आणि एकाच मॉडेलचे घ्यावेत. वेगवेगळ्या कंपन्यांचे पडदे कितीही जुळवले तरी पांढरा रंग एकावर निळसर आणि दुसऱ्यावर पिवळट दिसतो, आणि दिवसभर त्या फरकाकडे पाहणे डोळ्यांना जाचक होते.

जोडणीकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे, कारण इथेच पुष्कळांची फसगत होते. एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट आणि व्हीजीए हे पडद्याची केबल खोचायच्या तोंडांचे प्रकार आहेत. आजच्या मध्यम किमतीच्या कार्डांवर साधारणपणे एक एचडीएमआय आणि तीन डिस्प्लेपोर्ट असतात. उलट स्वस्त मॉनिटरवर अनेकदा एक एचडीएमआय आणि एक जुना व्हीजीए एवढेच मिळते. तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्याला डिस्प्लेपोर्ट नसेल, तर कार्डाच्या डिस्प्लेपोर्टमधून मॉनिटरच्या एचडीएमआयमध्ये नेणारी केबल घ्यावी लागते. ती स्वस्त असते आणि फुल एचडीसाठी नीट चालते. मात्र हीच केबल उलट दिशेने चालत नाही, म्हणजे यंत्राच्या एचडीएमआयमधून मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टमध्ये चित्र जात नाही. त्याला वेगळा, महागडा परिवर्तक लागतो. फक्त व्हीजीए असलेला जुना कार्यालयीन मॉनिटर तिसरा पडदा म्हणून वापरायचा असेल, तर आत चिप असलेला परिवर्तक घ्यावा, कारण नव्या कार्डांतून अॅनालॉग संकेत बाहेरच पडत नाही आणि नुसती पिना जुळवणारी केबल कितीही खोचली तरी पडदा काळाच राहतो.

एका सेकंदात पडदा किती वेळा ताजा होतो हा आकडा गेम खेळणाऱ्याला महत्त्वाचा वाटतो आणि ते बरोबरही आहे; पण १०० किंवा १४४ हर्ट्झ फक्त मुख्य पडद्याला असले तरी पुरते. वेगळ्या वेगाचे पडदे एकत्र लावल्यावर काही कार्डांची मेमरी रिकाम्या वेळीही पूर्ण वेगाने धावत राहते आणि कार्ड उगाच तापते. तसे दिसले तर कामाच्या वेळी मुख्य पडदा ६० किंवा १२० हर्ट्झवर आणून पाहावा.

ग्राफिक्स कार्ड

किती पडदे चालतील हे कार्डाच्या जोरावर नव्हे, तर त्याला किती पडदे हाताळता येतात यावर ठरते. एएमडीचे आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड स्वस्त म्हणून मोह पाडते, पण त्यावर दोनच पडद्यांची सोय आहे आणि मेमरीही बहुतेक ४ जीबीच. तीन पडद्यांसाठी ते बाद समजावे. आरएक्स ६६००, आरटीएक्स ३०६० आणि आरटीएक्स ४०६० ही कार्डे चार पडद्यांपर्यंत चालवतात.

नावावर मात्र विसंबू नये. आरटीएक्स ३०६० हे कार्ड १२ जीबी आणि ८ जीबी अशा दोन रूपांत निघाले आणि ८ जीबीच्या रूपात मेमरीचा मार्ग १९२ बिटांऐवजी १२८ बिटांचा, म्हणजे अरुंद आहे. आरटीएक्स ३०५० चेही ८ जीबी आणि ६ जीबी असे प्रकार आहेत. ६ जीबीचे कार्ड केवळ ७० वॉटवर चालते आणि त्याला वेगळी वीजजोडणी लागत नाही, पण ते तितकेच कमजोरही आहे. बिलावर जीबीचा आकडा लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पडदे वाढले की कार्डावर किती ओझे येते, याचा हिशेब सोपा आहे. फुल एचडी पडद्यावर १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. असे तीन पडदे मिळून ६२,२०,८०० ठिपके होतात आणि फोरके (३८४० × २१६०) पडद्याचे ८२,९४,४००, म्हणजे तीन पडद्यांवर पसरलेला गेम हा फोरके गेमच्या तीन चतुर्थांश भार टाकतो. फोटोशॉप, कोरलड्रॉ, ब्राउझर अशी कामे तीन पडद्यांवर उघडी ठेवायला हे ओझे काहीच नाही. गेम तिन्ही पडद्यांवर पसरवण्याची सोय एनव्हिडियाच्या सराउंड आणि एएमडीच्या आयफिनिटी या नावांनी मिळते, परंतु या किमतीच्या कार्डावर नवा, जड गेम असा खेळायचा म्हणजे दृश्याचा दर्जा बराच खाली आणावा लागतो, आणि मधल्या कडा डोळ्यांसमोर येतात त्या निराळ्याच. मोटारशर्यतीच्या जुन्या गेमपुरती ही हौस ठीक आहे. एरवी गेम मधल्या पडद्यावर आणि नकाशा, गप्पा, गाणी बाजूच्या पडद्यांवर, हीच मांडणी व्यवहार्य आहे.

ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये त्रिमितीय काम करणाऱ्याने १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० घ्यावे, कारण ब्लेंडरमधले सायकल्स हे रेंडरिंगचे, म्हणजे दृश्याचे अंतिम चित्र तयार करण्याचे साधन एनव्हिडियाच्या ऑप्टिक्स या तंत्रावर उत्तम पळते आणि मोठे दृश्य मेमरीत मावले नाही तर रेंडर अर्ध्यात अडकते. फक्त गेम आणि सपाट डिझाइन करणाऱ्याला आरएक्स ६६०० पुरेसे आहे. आरटीएक्स ४०६० ला मेमरी ८ जीबीच मिळते, पण त्याची विजेची गरज ११५ वॉट आहे, तर ३०६० ची १७० वॉट. जिथे यूपीएसवर वारंवार यावे लागते तिथे हा फरकही मोजण्यासारखा आहे.

प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम आणि साठवण

प्रोसेसर निवडताना मी एका गोष्टीवर अडून बसतो: त्यात स्वतःचे चित्रांग, म्हणजे अंगभूत ग्राफिक्स असलेच पाहिजे. इंटेलच्या कोअर आय५-१२४०० मध्ये ते आहे, तर नावापुढे एफ असलेल्या १२४००एफ मध्ये नाही. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्ये नाही, ५६००जी मध्ये आहे आणि नव्या एएम५ सॉकेटच्या रायझन ५ ७६०० मध्येही आहे. एफवाला प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो आणि शहरातला विक्रेता तोच सुचवतो. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण देवगड किंवा गुहागरला बसलेल्या माणसाचे कार्ड वॉरंटीत दुरुस्तीला गेले की ते मुंबईला किंवा आणखी कुठे जाऊन यायला कित्येक दिवस जातात, आणि तेवढे दिवस अंगभूत चित्रांग नसलेले यंत्र नुसते डबड्यासारखे पडून राहते. ते असेल तर मदरबोर्डाच्या मागच्या एचडीएमआयवर पडदा लावून पत्रिका आणि फ्लेक्सचे काम तरी चालू राहते. शिवाय इंटेलच्या बहुतेक मदरबोर्डांवर बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना चालणाऱ्या मदरबोर्डाच्या मूळ प्रणालीत, अंगभूत ग्राफिक्स आणि कार्ड दोन्ही एकाच वेळी चालू ठेवण्याची सोय असते, त्यामुळे आणखी एक पडदा मदरबोर्डावरही लावता येतो.

म्हणून या खर्चात सहा कोअर आणि बारा थ्रेडचा आय५-१२४०० आणि बी६६० किंवा बी७६० चिपसेटचा मदरबोर्ड ही जोडी समतोल वाटते. मदरबोर्ड डीडीआर४ चा आहे की डीडीआर५ चा, हे आधी पाहावे, कारण एका प्रकारची रॅम दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही. एएमडीचा जुना बी४५० मदरबोर्ड आणि ५००० मालिकेतला प्रोसेसर घेत असाल, तर बायोस अद्ययावत करून मिळेल का, हे विक्रेत्याला आधीच विचारावे. जुन्या बायोसवर तो प्रोसेसर सुरूच होत नाही.

रॅम किती लागते हे फ्लेक्सच्या मापावरून कळते. गणपतीच्या दिवसांत लागणारा २० फूट × १० फुटांचा फलक ७२ डीपीआयवर, म्हणजे इंचाला ७२ ठिपके धरून करायचा म्हटले, तरी त्याचे माप १७,२८० × ८,६४० ठिपके होते, म्हणजे जवळजवळ १५ कोटी ठिपके. सीएमवायके या छपाईच्या रंगपद्धतीत प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट लागतात, तेव्हा पूर्ण आकाराचा एकच थर सुमारे ६०० एमबी खातो. नेत्यांचे फोटो, मंडळाचे नाव, पार्श्वभूमी असे पाच-सहा थर चढले आणि फोटोशॉपने मागे जाण्यासाठी जुन्या पायऱ्या लक्षात ठेवल्या, की ८ जीबीचे यंत्र गुदमरते. डीपीआय दुप्पट केला तर हे आकडे चौपट होतात, आणि रस्त्यावरून पाहायच्या फलकाला ७२ पुरत असताना १५० चा हट्ट धरण्यात अर्थ नाही. १६ जीबी हे किमान धरावे, तेही ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत, कारण दोन पट्ट्या असल्या की रॅमचा मार्ग दुपटीने रुंद होतो. मोठी कामे नियमित असतील तर १६ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. चार खाचांचा मदरबोर्ड असला की आज दोन आणि उद्या दोन असे करता येते.

साठवणीसाठी १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे वेगवान चिपची साठवण, आणि दिलेल्या कामांसाठी २ टीबीची हार्ड डिस्क पुरे. आजकालचे मोठे गेम शंभर जीबीच्या घरात जातात, त्यामुळे ५०० जीबीत भागवायचा प्रयत्न करू नये.

वीज

कॅबिनेटच्या पत्र्याला किंवा मागच्या स्क्रूला बोटाची मागची बाजू लावली की झिणझिण्या येतात, असा अनुभव पुष्कळ घरांत येतो आणि लोक तो हसण्यावारी नेतात. एसएमपीएसच्या आत वीज गाळणारे दोन कपॅसिटर असतात. ते अर्थिंगच्या तारेला जोडलेले असतात, आणि ती तार भिंतीत कुठेच पोहोचत नसेल तर कॅबिनेटवर पुरवठ्याच्या साधारण निम्मे व्होल्टेज तरंगत राहते. प्रवाह अगदी थोडा असल्याने माणसाला सहसा इजा होत नाही, पण चालू यंत्रात एचडीएमआयची केबल खोचताना तोच फरक कार्डाच्या किंवा मॉनिटरच्या पोर्टमधून वाट काढतो आणि पोर्ट जळते. तीन पडदे म्हणजे असे तीन धोके. म्हणून खरेदीच्या आधी वायरमन बोलावून न्यूट्रल आणि अर्थिंग यांमधले व्होल्टेज मोजून घ्यावे. ते दोन-तीन व्होल्टच्या आत हवे. जांभ्याच्या कातळावरच्या घरात अर्थिंगचा खड्डा अनेकदा जेमतेम खोल जातो आणि एप्रिल-मेमध्ये ठणठणीत कोरडा पडतो. खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालून घ्यावे आणि उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी ओतावे.

वर सांगितलेले यंत्र पूर्ण भारावर असताना प्रोसेसर ११७ वॉटपर्यंत, ३०६० कार्ड १७० वॉट आणि इतर भाग ५० वॉट धरून ३४० वॉटच्या आसपास वीज घेते. त्याला नामांकित कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ या कार्यक्षमतेच्या दर्जाचा ५५० वॉटचा एसएमपीएस योग्य आहे. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा एसएमपीएस वापरू नये. त्यावर छापलेल्या वॉटचा आणि खऱ्या ताकदीचा संबंध असेलच असे नाही.

तीन मॉनिटरचे सुमारे ७५ वॉट मिळवले की यूपीएसवर ४१५ वॉट येतात. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॉटच्या आसपासच देतो, आणि गेम चालू असताना वीज गेली की तो यंत्रासकट बसतो. १,००० व्हीएचा, म्हणजे साधारण ६०० वॉटचा, व्होल्टेज सावरणारा लाइन इंटरॅक्टिव्ह यूपीएस घ्यावा. घरच्या इन्व्हर्टरवर संगणक चालवायचा असेल तर तो साइनवेव्ह (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा) आहे ना आणि त्याला यूपीएस मोड आहे ना, हे पाहावे. चांगला एसएमपीएस वीज नसताना सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो आणि तेवढ्यात इन्व्हर्टरने भार उचलला नाही तर यंत्र बंद पडते. यूपीएसचे काम फाइल जतन करून यंत्र नीट बंद करण्यापुरते आहे, हेही मनाशी धरावे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातल्या कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती; तिथे कोणता यूपीएस पुरणार?

वळवाच्या पावसात वीज कडाडू लागली की नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग काढावा, आणि राउटरकडून येणारी लॅनची तारही काढावी, कारण तीच बहुधा विसरली जाते आणि तिच्या वाटेने मदरबोर्ड जातो.

कॅबिनेट आणि जागा

काचेच्या, दिव्यांच्या कॅबिनेटवर पैसे घालण्यापेक्षा पुढून सुटी जाळी असलेले, दोन पंखे आत हवा घेणारे आणि एक बाहेर टाकणारे कॅबिनेट घ्यावे. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा जास्त असली की फटींमधून तांबडी धूळ शिरत नाही, जी शिरते ती जाळीवर अडते आणि जाळी धुता येते. रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या लावूनच ठेवाव्यात. पाल उबेला आत शिरते आणि एसएमपीएसमध्ये शॉर्ट करून स्वतःही मरते. समुद्राच्या अगदी काठावर, मालवण-मुरूडच्या बाजूला, खिडकीसमोर यंत्र ठेवू नये. आणि ते जमिनीवर तर कुठेच ठेवू नये: २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेतली दुकाने पाण्याखाली गेली, तेव्हा पूररेषेत बसणाऱ्याने यंत्र उंचावर आणि कामाची एक प्रत दुसऱ्याच घरी ठेवणे हे ओघानेच आले.

खरेदी

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे संगणकाच्या सुट्या भागांचा बाजार, ग्रँट रोड स्थानकापासून चालत गाठता येतो आणि तिथे भाव करता येतो. तरी सगळेच तिथून आणू नये. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि कार्ड या छोट्या, महाग वस्तू तिथून किंवा ऑनलाइन घ्याव्यात. यूपीएस, कॅबिनेट आणि मॉनिटर मात्र रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ अशा जवळच्या शहरातून घ्यावेत, कारण त्या जड आहेत, वाटेत फुटण्याजोग्या आहेत आणि बिघडल्या तर परत नेणे सोपे हवे. पाच-सातशे रुपये जास्त गेले तरी तो आतबट्ट्याचा व्यवहार नव्हे. रातोरात तुतारी किंवा कोकणकन्या या रेल्वेगाडीने यायचे असेल तर कार्डाचा खोका सामानात न टाकता उशाशी ठेवावा. जुळवलेले यंत्रच आणत असाल, तर कार्ड काढून वेगळे आणावे; घाटातल्या धक्क्यांनी जड कार्ड स्वतःच्या वजनाने स्लॉट उखडते. मॉनिटरचा खोका गाडीत उभाच ठेवावा, आडवा टाकून त्यावर सामान रचू देऊ नये.

बिल जीएसटीचे आणि सिरियल क्रमांकासह घ्यावे. जुने कार्ड घेताना जपावे: १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचे ग्राफिक्स कार्डांवर चालणारे मायनिंग थांबले आणि रात्रंदिवस राबवलेली कार्डे जुन्या बाजारात आली. किनाऱ्यावर वापरलेले कार्ड असेल तर मागच्या पट्टीचे स्क्रू आणि पोर्टचे तोंड उजेडात धरून पाहावे. तांबड्या गंजाचे ठिपके किंवा हिरवट पूड दिसली तर भाव कितीही पडलेला असो, कार्ड परत करावे.

जुळवणी

कोरड्या, वाऱ्याच्या झोतापासून दूर असलेल्या टेबलावर मदरबोर्डाचा खोका पालथा घालून त्यावर मदरबोर्ड ठेवावा आणि अधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवून तो अलगद ठेवावा, दाबू नये. इंटेलच्या सॉकेटची पट्टी बंद करताना थोडा जोर लागतो, तेवढा लावावा. मधोमध वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट, त्यावर कूलर, आणि त्याचे चार कोपरे तिरक्या जोडीने थोडेथोडे आवळावेत. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवाव्यात. एसएसडी तिरकी खोचून, आडवी दाबून तिचा बारीक स्क्रू लावावा.

आता कॅबिनेटमध्ये काहीही न बसवता एसएमपीएसची २४ पिनांची आणि प्रोसेसरची ८ पिनांची जोडणी करून, मदरबोर्डाच्या एचडीएमआयला एक पडदा लावून यंत्र सुरू करून पाहावे. अंगभूत चित्रांग असल्याचा हा आणखी एक फायदा. प्रोसेसरची ८ पिनांची आणि कार्डाची ८ पिनांची जोडणी दिसायला सारखी असते, पण त्यांतील विजेची दिशा वेगळी असते. प्रोसेसरची ४ आणि ४ अशी, तर कार्डाची बहुधा ६ आणि २ अशी दुभंगते, त्यावरून ओळखावे. बायोस दिसले की सगळे कॅबिनेटमध्ये न्यावे, मागची पत्र्याची पट्टी आधी बसवावी, मदरबोर्ड पितळी खुंट्यांवरच टेकला आहे हे पाहावे आणि शेवटी कार्ड टक् असा आवाज येईपर्यंत दाबून स्क्रूने बांधावे. यानंतर पडद्यांच्या केबली मदरबोर्डाला नव्हे, कार्डाला लावाव्यात. नवे यंत्र गेममध्ये मंद चालते अशा तक्रारीचे मूळ पुष्कळदा या एका केबलीत सापडते.

बायोसमध्ये रॅमचे एक्सएमपी चालू करावे, नाहीतर ती छापील वेगापेक्षा सावकाश चालते. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला असल्याने विंडोज ११ घालावे आणि त्यासाठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय बायोसमध्ये चालू आहे का, ते पाहावे.

पडद्यांची मांडणी आणि रंग

डिस्प्ले सेटिंगमध्ये पडद्यांवरचे क्रमांक ओळखून ते प्रत्यक्ष टेबलावर आहेत त्याच क्रमाने आणि उंचीने ओढून लावावेत. एक पडदा चित्रात जरा वर राहिला तरी माउस कडेला अडतो. मधला पडदा मुख्य ठरवावा आणि गेम बिनकडांच्या खिडकीत चालवावा, म्हणजे शेजारच्या पडद्यावर जाताना गेम खाली जात नाही.

रंगासाठी एकच पडदा प्रमाण मानावा आणि तो एसआरजीबी या प्रमाण रंगांच्या मोडवर ठेवावा. रात्री पिवळट उजेड करणारी नाइट लाइट ही सोय रंगकामाच्या वेळी बंद करावी. आपल्या नेहमीच्या फ्लेक्सवाल्याकडून लाल, केशरी, गडद निळा आणि राखाडी अशा पट्ट्यांचा हातभर नमुना छापून घेऊन तो पडद्याशेजारी टांगावा आणि पडद्याचा उजेड व रंग त्याच्याशी जुळवावेत. हे महागड्या मापकयंत्राइतके अचूक नाही, पण गिऱ्हाइकाशी होणारे निम्मे वाद त्याने टळतात. पडवीत किंवा समुद्राकडच्या खिडकीला पाठ करून काम केले तर पडद्यावर झळाळी पडते आणि रंग फिके दिसतात. पडदा खिडकीशी काटकोनात ठेवावा.

पावसाळ्यात यंत्र रोज तासभर तरी चालू ठेवावे, कारण आतल्या उबेने ओल धरत नाही. गावाला कुलूप लावून चार महिने बंद ठेवलेले यंत्र चालू असलेल्यापेक्षा लवकर बिघडते. इतके दिवस बंद ठेवायचेच असेल तर कार्ड आणि रॅम काढून सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी. ऑक्टोबरमध्ये उन्हे पडली की जाळ्या धुऊन, पूर्ण वाळवून लावाव्यात, कार्ड काढून त्याच्या सोनेरी कडेवरून आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा बोळा फिरवावा आणि स्लॉटमध्ये परत बसवावे. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत मान टाकते. ती किती मिनिटे टिकते, हे दर मे महिन्यात प्लग काढून पाहावे आणि पाच मिनिटांच्या खाली आली तर पाऊस सुरू होण्यापूर्वीच बदलून घ्यावी.